पंपामागचं गॅरेज: अडतीस वर्षांच्या गिऱ्हाइकाचं मत

भाचीने गेल्या महिन्यात नवी गाडी घेतली. पेढे द्यायला आली तेव्हा म्हणाली, "मावशी, तुझा तो अक्कलकोट रोडचा पंप अजून चांगला आहे का गं? आणि मागचं गॅरेज?" मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. पंप चांगला आहे. गॅरेजही चांगलं आहे, पण तिथे कशासाठी जायचं आणि कशासाठी नाही, हे सांगावं लागेल. संडासाबद्दल तर बरंच सांगावं लागेल. म्हणून हे सविस्तर. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या पंपमालकांच्या घरी मी अजून चहा पिते. खुणा देते, ज्याला पोचायचं तो पोचेल.

अक्कलकोट रोडला जिथे सोलापूर संपून शेतं सुरू व्हायची, तिथे हा पंप. आता शेतं नाहीत, आणि सोलापूर संपतं कुठे तेही सांगता येत नाही. पुढे एक मोठा कडुलिंब आहे. रस्ता चौपदरी झाला तेव्हा तो जाणार असं सगळे म्हणत होते, पण थोडक्यात वाचला. मधे दुभाजक आल्याने अक्कलकोटहून येणाऱ्याला पुढे जाऊन वळसा घालून यावं लागतं. गुरुवारी तिकडे फिरकू नका. स्वामी समर्थांच्या दर्शनाला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागलेली असते.

जून १९८७ मध्ये मला या रस्त्यावरच्या एका गावात झेडपीच्या शाळेवर ऑर्डर मिळाली. एसटी धड वेळेवर नाही, वडापच्या जीपमध्ये माणसं टपावर बसलेली. वडिलांनी लूना घेऊन दिली. पायडल मारून सुरू करायची, चढावर दम लागला की पुन्हा पायडल मारायचं. तेव्हा पंपावर दोनच मशिनं होती, एक पेट्रोलचं, एक डिझेलचं. आकडे गोल फिरणारे, टर्रर्र आवाज करणारे. सकाळी मशिनवर स्वतः पंपाचे मालक अण्णा उभे असायचे. पांढरा सदरा, धोतर, कपाळाला विभूती.

"बाई, झिरो बघा."

"टाका हो अण्णा, उशीर झालाय."

"बघितला म्हणा, मग टाकतो."

आपण 'बघितला' म्हटल्याशिवाय अण्णा नळी उचलत नसत. मला आधी हा माणूस चक्रम वाटला. दोन मिनिटं उशीर झाला की हेडमास्तरांसमोर मस्टरवर लाल शेरा बसायचा, आणि इथे हे झिरोच्या मागे लागलेले! पुढे मीच वर्गात फळ्यावर बेरीज मांडताना "हातचा बघितला? बघितला म्हणा" असं म्हणायला लागले.

लूना टू-स्ट्रोक, म्हणून पेट्रोलमध्ये ऑइल घालावं लागायचं. ते मापाने घालायचं, अंदाजाने नाही. कमी पडलं तर इंजिन धरतं, जास्त झालं तर प्लगवर काजळी बसते आणि गाडी नेमकी शाळेच्या अलीकडच्या ओढ्यात बंद पडते. पहिल्या सहा महिन्यांत माझी ओढ्यात तीनदा बंद पडली. अण्णांनी विचारलं, "ऑइल कोण घालतंय?" मी म्हटलं, घरी वडील घालतात, गाडी चांगली राहावी म्हणून थोडं जास्तच. अण्णा हसले नाहीत. ऑइलचं छोटं माप माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे त्यांना द्या. म्हणावं, आमटीला तेल घालताय का?"

आता गॅरेज. पंपाच्या मागे पत्र्याची लांब शेड, मधे गाडी उभी करायचा खड्डा, त्यावर सरकवायच्या लाकडी फळ्या. जमीन मातीचीच, पण वर्षानुवर्षं ऑइल सांडून अशी काळी आणि घट्ट झालेली, की पाटीसारखी चकाकायची. अण्णांचा थोरला खड्ड्यात आणि धाकटा पंपावर, अशी वाटणी. थोरल्याचा चेहरा मी पहिल्या वर्षात क्वचितच पाहिला असेल. मला त्याच्या कोल्हापुरी चपला माहीत होत्या, फियाटखालून बाहेर आलेल्या. त्या दिसल्या की समजायचं, आज मिस्त्री आहेत.

घरची बोली कन्नड. खड्ड्यातून हाक यायची ती कन्नडमध्ये. शहराच्या पूर्व भागातून येणारा हाताखालचा पोऱ्या तेलुगू, पंक्चरवाले चाचा दखनी बोलायचे, आणि गिऱ्हाइकं आमच्यासारखी मराठी. गाडी तयार झाली की खड्ड्यातून "आयतु", बाहेरून पोऱ्याचं "अयिपोयिंदि", चाचांचं "हो गया जी", आणि मग अण्णा शांतपणे आमच्याकडे वळून, "झाली बघा." सोलापूरच्या बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की गंमत वाटते. आम्हाला त्यात गंमत आहे हे बाहेरच्यांनी सांगितल्यावर कळलं.

चाचांचं पंक्चर काढणं मी एकदा अगदी शेजारी बसून पाहिलं. बसावंच लागलं, दुसरी लूना नव्हती. आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी वेडी बाभूळ. तिचा काटा खिळ्याला हार जाणार नाही असा. चाचांनी दोन पट्ट्या घालून टायरची कड उचलली, ट्यूब ओढून काढली, हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवू लागले. बुडबुडे आले. मला वाटलं, सापडलं. चाचांनी तिथे काडीने खूण केली आणि ट्यूब पुढे फिरवतच राहिले. पूर्ण फेरी होईपर्यंत थांबले नाहीत. दुसऱ्या बाजूला आणखी एक सापडलं, केसाएवढं. मग कानशीने रबर खरवडलं, सोल्यूशन लावलं आणि हात बांधून बसले. ते वाळू द्यायचं असतं. ओल्यावर ठिगळ मारलं तर दोन दिवसांत सुटतं. तेवढ्या वेळात त्यांनी बिडी मात्र पेटवली नाही. पंपाच्या हद्दीत नाही म्हणजे नाही, त्यासाठी ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. शेवटी टायरच्या आतून बोटं फिरवली, हळू, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी. काट्याचं टोक आतच मोडून राहिलेलं होतं. ते काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "ये रह्या तो कल फिर आओगे."

त्यांच्या पाटीवर लिहिलेलं होतं, 'येथे पंचर काडून मिळेल'. मी मास्तरीण. मला राहवेना. खडूने 'ड'चा 'ढ' केला, 'पंचर'चं 'पंक्चर' केलं. पुढच्या आठवड्यात पाहते तर पाटी नव्याने रंगवलेली, शुद्ध. चाचा येईल त्याला सांगत होते, "बाईने पास किया." तेव्हापासून मी लोकांच्या पाट्या सुधारणं सोडलं. गरीब माणसाला उगीच रंगाचा खर्च.

पैशांचा हिशेब अक्कांकडे. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. आत एका लाकडी पेटीशी बसायच्या, लाल कापडी बांधणीची लांब वही घेऊन. झेडपीचा पगार तेव्हा वेळेवर कधी झाला? मार्चअखेरीला तर दोन-दोन महिने लांबायचा. आम्हा रस्त्यावरच्या शिक्षकांची वहीत एकेक पानं होती. नावं नव्हती. 'लूना बाई', 'चष्मा गुरुजी', 'दोन बहिणी'. व्याज नाही, तगादा नाही. फक्त पगाराच्या दिवशी पंपावरून न थांबता पुढे गेलात, तर अक्का दारात येऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या काही नाहीत. त्या नजरेने स्टेट बँकेची वसुली झाली असती.

मला इथलं सगळ्यात जास्त जे आठवतं ते मात्र लूनाचं नाही, माझ्या सातवीच्या वर्गाचं आहे. १९९४ साल. विज्ञानात घनतेचा धडा. पुस्तकात बर्फ, लाकूड आणि लोखंडाचा तुकडा. पोरं पेंगत होती. मला पंपावरची ती पाटी आठवली, जिच्यावर रोज सकाळी खडूने 'डेन्सिटी' लिहिलेली असते आणि जिच्याकडे कोणी बघत नाही. अण्णांना विचारलं, पोरं आणू का? म्हणाले, "आणा की. पण कंपासपेट्या झाडाखाली ठेवायच्या. लोखंड आपटायचं नाही."

एकतीस पोरं रांगेने चालत आली. अण्णांनी काचेची उंच बरणी मांडली, नळीने पेट्रोल सोडलं, त्यात हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची तरंगती काचेची नळी, हळूच सोडला, बाजूला थर्मामीटर. हायड्रोमीटर दोनदा वरखाली झाला आणि स्थिरावला. प्रत्येकाला वाकून डोळा पातळीवर आणून वाचायला लावलं. घनता ७२८ (घनमीटरला इतके किलो). तापमान ३४ अंश. मग अण्णांनी जाड तक्त्यांचं पुस्तक काढलं. पेट्रोल उन्हात फुगतं, घनता कमी दिसते; म्हणून सगळीकडची घनता १५ अंशाला किती होईल ते काढून मगच तुलना करायची. ३४ च्या ओळीत बोट सरकवत नेलं, ७४४. टँकरबरोबर आलेल्या चलनावर ७४५.

"एकाचा फरक. तीनपर्यंत चालतो. तीनच्या वर गेला तर?"

पोरं गप्प.

"तर मशिन बंद, कंपनीला फोन. कोणीतरी वाटेत काहीतरी मिसळलं."

'मिसळलं' म्हटल्यावर पोरं जागी झाली. आमच्या गावात दुधात पाणी घालणारा कोण, हे सगळ्यांना माहीत होतं.

मग टाकीतली लांब पितळी पट्टी. तिच्या टोकाला एक पेस्ट लावून खाली सोडली. पाणी असेल तिथे ती पेस्ट लाल होते. वर काढली, लाल नाही. पोरांची निराशा झाली. अण्णांनी तीच पट्टी बादलीतल्या पाण्यात बुडवून दाखवली, तेव्हा कुठे टाळ्या.

शेवटी पाच लिटरचं माप. पितळी, उभट, गळ्याशी काच आणि काचेवर रेघा, वजनमापे खात्याचा शिक्का मारलेला. मशिनवर बरोबर पाच लिटर लावून त्यात सोडलं. एक पोरगी, बीडी वळणाऱ्या बाईची मुलगी, गणितात हुशार, काचेला नाक लावून म्हणाली, "कमी हाय." सगळीकडे शांतता. अण्णा खाली बसले, चष्मा पुसला, पाहिलं. दहा मिली कमी. पाच लिटरला पंचवीस मिली इकडेतिकडे कायद्याला चालतं. अण्णांनी तसं सांगितलं, पण सांगताना आवाज पडलेला. थोरला खड्ड्यातून वर आला होता, कन्नडमध्ये काहीतरी बोलला, बहुधा 'द्या की सोडून' अशा अर्थाचं. अण्णांनी रजिस्टर काढलं आणि त्या पोरीच्या समोर लिहिलं, 'कमी १० मिली'. मशिनला सील असतं, मालकालाही हात लावता येत नाही. कंपनीचा माणूस येऊन जुळवणार, मग खात्याचा माणूस पुन्हा सील मारणार. हे सगळं त्यांनी तिला समजावून सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं.

परत निघताना एका पोराने विचारलं, "मग अण्णा, पहाटं घेतलं तर पेट्रोल जास्त मिळतंय?" हे तेव्हाही सगळे म्हणायचे, आजही व्हॉट्सॲपवर फिरतं. अण्णा म्हणाले, "मी कशाला सांगू? तू ये आणि बघ." तो आणि त्याचा मित्र दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला खरंच आले. दुपारी दोनला पुन्हा आले. बाहेरच्या उन्हात केवढा फरक, पण जमिनीखालच्या टाकीतल्या पेट्रोलमध्ये जेमतेम एका अंशाचा. फळ्यावर गणित मांडलं: एका अंशाला लिटरमागे साधारण मिलिलिटरभर. त्यासाठी पहाटे उठणाऱ्याने खुशाल उठावं, आरोग्याला चांगलं असतं.

या एका सकाळीसाठी मी त्या पंपाला आयुष्यभराचे गुण देऊन टाकले आहेत. पुढचं परीक्षण कोणाला पक्षपाती वाटलं तर वाटू दे.

पुढची वर्षं भराभर. भाव वाढणार अशी कुणकुण लागली की रात्री बारापर्यंत रांगा, डबे, भांडणं. हे आता रोज सकाळी भाव बदलायला लागल्यापासून, म्हणजे २०१७ पासून, बंद झालं. नोटाबंदीत जुन्या नोटा पंपावर चालत होत्या तेव्हा गावातली मोटारसायकल नसलेली माणसंही पेट्रोल घ्यायला आली. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांचा संप झाला आणि सोलापूरभर पंपांवर झुंबड उडाली, तेव्हा इथे दुचाकीला दोनशेच्या वर दिलं नाही, ओळखीच्यांनाही नाही. मी स्वतः तासभर उभी होते आणि मला दोनशेचंच मिळालं. तेव्हा राग आला होता. माझ्यामागे रांगेत एक दूधवाला होता, त्यालाही मिळालं, हे नंतर लक्षात आलं.

अण्णा गेले, मग दोन वर्षांनी अक्का. चाचा गावाकडे मुलाकडे गेले.

थोरल्याचा हात किती चांगला आहे, हे मला २०१९ च्या मे महिन्यात कळलं. माझी वॅगनार तेव्हा सात वर्षांची. पारा त्रेचाळीसवर. गाडी दोनदा तापली, बॉनेटमधून वाफा. पहिल्यांदा रस्त्यावर एक भला माणूस मदतीला धावला आणि थेट रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाला. मी ओरडले म्हणून त्याचे हात वाचले. तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी कारंज्यासारखं अंगावर येतं, आणि घाईने थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. अर्धा तास सावलीत बसायचं, दुसरा इलाज नाही.

गाडी शहरातल्या एका मोठ्या, काचेच्या, एसी सर्व्हिस सेंटरला दिली. कॉफी दिली. दोन दिवसांनी छापील कागद दिला: हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलंय, इंजिन उघडावं लागेल, अठरा हजार. मी कागद घेऊन पंपामागे गेले. थोरल्याने कागद वाचला नाही. डिपस्टिक काढून ऑइल बोटावर घेतलं, मला दाखवलं. "दुधासारखं झालंय का? नाही. म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलं नाही." गाडी सुरू करून कूलंटमध्ये बुडबुडे येतात का ते बघितलं. सायलेन्सरमागे उभं राहून धूर बघितला. मग थंड झालेल्या रेडिएटरचं झाकण काढलं आणि आतली रबरी चकती नखाने दाबली. कडक, चिरलेली.

"बाई, कुकरची रिंग गेल्यावर काय होतं?"

"शिट्टी होत नाही. नुसती वाफ जाते."

"तेच झालंय. झाकण दाब धरत नाही, मग पाणी लवकर उकळतंय आणि बाटलीतून बाहेर पडतंय. गॅस्केट बिस्केट काही नाही."

नवं झाकण पावणेदोनशेचं. बसवायची मजुरी मागितली नाही, मी पन्नास ठेवले. सहा वर्षं झाली, गाडी पुन्हा तापलेली नाही.

आजची परिस्थिती सांगते, कारण परीक्षण आजचं हवं.

पंप आता धाकट्याची मुलगी बघते. कॉम्प्युटरचं शिक्षण झालंय, पुण्यातली नोकरी सोडून आली. मशिनं नवी, पावती छापून येते, यूपीआय चालतं, टाकीत किती साठा आहे ते तिला पडद्यावर दिसतं. तरीही रोज सकाळी पट्टी टाकून बघते. मी विचारलं, पडद्यावर दिसतंय तर कशाला? म्हणाली, "इथेनॉल आलं ना बाई. आधी पाणी खाली बसायचं, सरळ कळायचं. आता इथेनॉल ते पिऊन टाकतं. जास्त झालं की मग एकदम वेगळं होतं. त्याला पेस्टही वेगळी लागते." हे मी पावसाळ्यात प्रत्यक्ष भोगलं. लेकीकडे तीन महिने राहून आले, स्कूटी अंगणात पावसात, टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं. सुरूच होईना. थोरल्याने टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पायरीवर ठेवलं. दहा मिनिटांनी बाटलीच्या तळाशी स्पष्ट रेघ, खाली एक थर, वर एक थर. आजूबाजूच्या जिल्ह्याभर साखर कारखाने, त्यामुळे इथेनॉलला नावं ठेवायची सोय नाही. गाडी फार दिवस उभी ठेवणार असाल तर टाकीचं झाकण घट्ट ठेवा, आत पाणी जाऊ देऊ नका आणि गाडी सावलीत ठेवा, एवढंच म्हणते.

पाच लिटरचं माप मागितलं तर हसतमुखाने आणून देतात. मागा. कोणीच मागत नाही. तो आपला हक्क आहे. हवा फुकट आहे, पण भरणारा पोरगा मोबाइलमध्ये असतो; आकडा स्वतः बघा, आणि हवा गाडी थंड असताना भरा, वीस किलोमीटर तापवून आल्यावर नाही.

आता तक्रारी. पहिली, संडास. बायकांचा संडास आहे, पण कायम कुलूपबंद, आणि चावी आत ऑफिसात. चार पुरुषांसमोर जाऊन चावी मागायची. तीस वर्षं मी मुलींच्या शाळेतल्या संडासासाठी भांडले, मला हे कसं चालेल? तीनदा सांगितलं. अण्णांच्या नातीने चावी आता बाहेर खिळ्याला टांगली आहे, पण आतून कडी लागत नाही. दाराला पायाने रेटून धरावं लागतं. मागच्या बाजूलाच गॅरेज आहे, तिथे जगातल्या सगळ्या गाड्यांचे नटबोल्ट आहेत, आणि एक कडी बसत नाही!

दुसरी, थोरला 'उद्या या' म्हणतो. त्याच्या उद्याला चार दिवस धरा. हाताखाली आता एकच पोरगा, तोही परीक्षेच्या वेळी गायब. नव्या गाड्यांना लागणारं स्कॅनर त्याच्याकडे नाही. बीएस-सिक्स गाडीचा इंजिनचा दिवा लागला तर तो सरळ सांगतो, "माझं काम नाही, शोरूमला न्या." म्हणून भाचीला सांगते: नव्या गाडीची सर्व्हिसिंग तिथे करू नकोस, वॉरंटी जाईल. पण शोरूमवाल्यांनी मोठा आकडा सांगितला, तर सही करण्याआधी एक चक्कर त्याच्याकडे मार. ब्रेक, क्लच, पाटे, रेडिएटर, खडखड, कुईकुई, असल्या कानाने आणि नाकाने कळणाऱ्या गोष्टींत त्याला अजून तोड नाही. सुटा भाग काढला की जुना तुमच्या हातात देतो. चालत असेल तर काढतच नाही. "राहू द्या, अजून वर्षभर जातंय" हे वाक्य मी दुसऱ्या कुठल्याही गॅरेजात ऐकलेलं नाही.

तिसरी तक्रार नाही, सूचना. १२ ते १६ जानेवारी गाडी बिघडू देऊ नका. तेव्हा सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. थोरला लहानपणापासून नंदीध्वजाच्या मानकऱ्यांबरोबर चालतो. अक्षता सोहळ्याच्या, म्हणजे यात्रेतल्या लग्नाच्या दिवशी मी त्याला संमती कट्ट्याजवळच्या गर्दीत पाहिलं होतं, पांढरी शुभ्र बाराबंदी, डोक्याला फेटा, कपाळभर भस्म. आधी ओळखलंच नाही. चपला नव्हत्या ना पायात. मग हात दिसले. नखांच्या कडांना ग्रीसच्या काळ्या रेघा, साबणाने, डिझेलने, कशानेच न गेलेल्या. मला बघून त्याने हात जोडले आणि त्या गर्दीत, वाजंत्र्यांच्या आवाजात विचारलं, "बाई, गाडी बरी आहे न?"

वेळ: पंप पहाटे सहा ते रात्री अकरा. गॅरेज दहाला उघडतं, जेवायला बंद, आणि पाचनंतर थोरला काम घेत नाही, पाठ दुखते. छापील बिल मिळत नाही. तीच लाल बांधणीची वही आहे, अक्कांनंतर तो लिहितो. स्कूटीच्या वेळी मी बटवा घरी विसरले होते, माझ्या पानावर साठ रुपये बाकी आहेत. पान अजून 'लूना बाई' याच नावाने आहे. उद्या भाचीची गाडी दाखवायला जाणार आहोत, तेव्हा साठ रुपये देईन, आणि पर्समध्ये एक कडी आणि चार स्क्रू घालून नेईन.